रांग कुणाची, टीप कुणाला?

ओसरीवरून

"परदेशात माणसं कशी शिस्तीत रांगेत उभी राहतात, नाहीतर आपण!" हे वाक्य इथल्या प्रत्येक प्रवासवर्णनाखाली एकदा तरी येतंच. त्याच्या पाठोपाठ "आपले लोक टीप द्यायला रडतात" हेही. मला दोन्ही पटत नाहीत, म्हणून हा धागा. रांग काय किंवा टीप काय, संस्कारांशी त्यांचा संबंध थोडा आणि व्यवस्थेशी जास्त आहे. आपला नंबर नक्की लागणार अशी खात्री असली की कुठलाही माणूस मुकाट उभा राहतो. आणि वाढणाऱ्याचा पगार कोण देतो यावर टीप किती हे ठरतं.

रांगेचं माहेरघर म्हणून इंग्लंडचं नाव घेतात, तर तिथूनच सुरुवात करू. इंग्रज जन्मजात रांगप्रेमी असल्याची ही प्रतिमा खरी पक्की झाली ती दुसऱ्या महायुद्धात. जानेवारी 1940 मध्ये रेशनिंग सुरू झालं आणि मांसावरचं शेवटचं बंधन उठायला 1954 उजाडलं. चौदा वर्षं लोणी, साखर, मांसासाठी रांगा लावल्यावर कुणालाही सवय होईल. त्या काळातल्या रांगांमध्ये भांडणंही भरपूर होत.

आज विम्बल्डनच्या तिकिटांसाठी लोक आदल्या रात्री बागेत तंबू ठोकतात. प्रत्येकाला तारीख आणि क्रमांक छापलेलं कार्ड मिळतं, दुसऱ्यासाठी जागा धरता येत नाही, आणि तंबू सोडून थोडा वेळच बाहेर जाता येतं. म्हणजे ज्या रांगेचं एवढं कौतुक, तिच्यामागे नियमावली आहे, कार्ड आहे आणि देखरेख करणारी माणसं आहेत. नुसत्या संस्कारांवर तीही चालत नाही.

याच इंग्रजाला पबमध्ये बघा. तिथे एकामागे एक रांग नसते. सगळे बारच्या लांबीला खेटून उभे राहतात आणि कोण आधी आला हे पेय देणारा लक्षात ठेवतो. तुमच्याकडे आधी वळला तर "यांचा नंबर माझ्या आधी" असं तुम्हीच सांगायचं. नोट हवेत हलवली की तुमचा नंबर गेलाच म्हणून समजा. कोव्हिडनंतर काही पबमध्ये सरळ रांग लागायला लागली, तर जुनी गिऱ्हाइकं त्यावर वैतागलेली आहेत. मला हा प्रकार फार आवडतो. रांग दिसत नाही पण असते.

आपल्याकडेही आहे. सार्वजनिक नळावर हंड्या-कळशांची रांग बघितली नसेल असा इथे कुणी नसावा. पाणी यायच्या तासभर आधी हंडे लागतात, बायका घरी जाऊन पोळ्या लाटून येतात आणि हंडा आपला नंबर धरून बसतो. कुणाचा हंडा कुणी मागे सरकवला तर वाडा दणाणतो. तोच वाडा टँकर आला की पाईपवर तुटून पडतो, कारण टँकरमधलं पाणी पुरेल की नाही हे कुणालाच ठाऊक नसतं. माणसं तीच. बदलली फक्त खात्री.

आता टीप. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार टीपवर काम करणाऱ्याला मालकाने रोख द्यायचं किमान वेतन तासाला 2.13 डॉलर आहे, आणि ते 1991 पासून हललेलं नाही. बाकीच्यांचं केंद्रीय किमान वेतन 7.25, तेही 2009 पासून तिथेच. मधली तूट गिऱ्हाइकाने भरून काढायची. फ्रान्समध्ये 1987 पासून मेन्यूवरच्या किमतीतच सेवेचे पैसे धरलेले असावे लागतात, त्यामुळे तिथे टेबलावर दोन नाणी ठेवली तरी चालतं आणि नाही ठेवली तरी कुणी तोंड वाकडं करत नाही. म्हणजे फ्रेंच माणूस कंजूष आणि अमेरिकन दिलदार असं नाही. एकाने आधीच दिलेत, दुसऱ्याने नंतर.

चर्चा होऊ द्या. फजितीचे किस्से असतील तर ते आधी लिहा.

अर्धा कप

पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत बसलोय. नंबर माझा, कुणी मध्ये घुसू नये.

बदलापूर लोकल

दिसत नसलेली रांग बघायची असेल तर लेडीज डब्यात या, पबपर्यंत जायला नको. आत शिरलं की पहिलं काम, बसलेल्या बायकांना एकीकडून विचारत सुटायचं: "कुठे उतरणार?" एक म्हणते ठाणे, दुसरी डोंबिवली, तिसरी मान न वर करता "शेवटपर्यंत". ठाण्याचीला लगेच पुढचा प्रश्न: "कुणाला सांगितलीय का?" सांगितली नसेल तर सीट तुमची झाली. असेल तर "त्यांच्यानंतर?" असं विचारून दुसरा नंबर लावायचा. ठाणं यायच्या आधी सांगितलेली बाई सीटसमोर येऊन उभी राहते, उठणारी तिला नजरेने खूण करते, आणि खिडकीशी लोंबकळणारी एखादी नवखी मुलगी पटकन बसायला गेली तर चारही बाजूंनी आवाज येतो: "सांगितलेली आहे ती!"

हे सगळं तोंडी. ना पावती, ना साक्षीदार. मधल्या स्टेशनांवर डब्यातली निम्मी माणसं बदलली तरी हिशेब चुकत नाही.

भांडण होतं ते रिटर्न येणाऱ्यांवरून. म्हणजे डोंबिवलीला चढायचं तर उलट्या गाडीने आधी कल्याणला जायचं आणि तिथून बसून यायचं. नियमात बसतं का? बसतं. डोकं फिरतं का? रोज.

सांता कातालीना

बदलापूर लोकल, स्पेनमधल्या मंडईत डिट्टो हेच! मासळीच्या दुकानापुढे माणसं कशीही विखुरलेली असतात, कुणी गप्पा मारतंय, कुणी समोर टोमॅटो निवडतंय. नवीन आलेला फक्त मोठ्याने विचारतो, "शेवटचं कोण?" एक आजी हात वर करतात. झालं, आता शेवटचे तुम्ही. पुढचा आला की हात तुम्ही वर करायचा. आपल्या पुढची व्यक्ती कोण एवढंच लक्षात ठेवायचं, बाकी रांगेशी देणंघेणं नाही. क्युबामध्येही हीच पद्धत आहे. तिथे तासन् तास थांबावं लागतं, त्यामुळे माणसं सावलीत जाऊन बसतात.

पेन्शनर

ओसरीवरून, तुमचा खात्रीचा सिद्धांत मला अर्धाच पटतो. ऐंशीच्या दशकात कंपनीने प्रशिक्षणासाठी मॉस्कोला पाठवलं होतं. तिथे माल मिळेल याची खात्री कधीच नसायची. तरी रांगेचं शास्त्र तिथे जेवढं पुढे गेलं होतं तेवढं मी कुठे पाहिलं नाही.

एका दुकानात तीन रांगा. पहिली माल बघून किंमत विचारायची, दुसरी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची, तिसरी पावती दाखवून माल उचलायची. तिसरीत पोचेपर्यंत माल संपला तर पैसे परत घ्यायला पुन्हा गल्ला. लोक आधी रांगेत लागत आणि मग पुढच्याला विचारत, "काय देतायत?" मागच्याला "मी तुमच्या पुढे आहे हं" असं सांगून दुसऱ्या रांगेत जाऊन यायचं, हे सर्रास. मोठ्या वस्तूंसाठी, म्हणजे फर्निचर वगैरे, याद्या असत. शाईने तळहातावर नंबर लिहीत आणि रात्रीबेरात्री हजेरी होई. हजेरीला नाही आलात तर नाव कट.

तुमच्या टँकरच्या हिशेबाने तिथे रोज मारामाऱ्या व्हायला हव्या होत्या. मग त्या रोज का होत नव्हत्या?

ओसरीवरून

पेन्शनर, प्रश्न बरोबर आहे. माझं उत्तर असं की मालाची खात्री नव्हती पण क्रमाची होती. माझ्या मागचा माझ्या आधी घेणार नाही, हे यादीने आणि हजेरीने बांधून टाकलं होतं. टँकरवर दोन्ही नसतं. शिवाय मॉस्कोत उद्याही तीच रांग, तीच माणसं. टँकर पुन्हा कधी येईल देव जाणे.

पेन्शनर

हे उत्तर प्रश्न ऐकल्यावर शिवलेलं वाटतं. पण ठीक आहे, तूर्त घेतो.

माघवारी

रांग म्हटलं की आमच्यासाठी दर्शनबारी. आषाढीला पंढरपुरात बारी गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते आणि पदस्पर्शाला कित्येक तास लागतात. पण या रांगेची एक गोष्ट जगात दुसरीकडे सापडणार नाही. आषाढीच्या पहाटे मुख्यमंत्र्यांच्या हस्ते शासकीय महापूजा होते, तेव्हा बारीत सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या वारकरी दांपत्याला त्यांच्या शेजारी पूजेला बसण्याचा मान मिळतो. मानाचे वारकरी म्हणतात त्यांना. ओळख नाही, शिफारस नाही, रांगेत पुढे होते एवढीच पात्रता. एसटी त्यांना वर्षभर मोफत प्रवासाचा पास देते.

आता याच्या उलट बाजूला पैसे भरून घ्यायच्या दर्शनाचे पास, सगळ्या मोठ्या देवस्थानांत. तिरुपतीला 300 रुपयांचं विशेष प्रवेश दर्शन आहे. शिर्डीलाही सशुल्क पास आहेत. मला स्वतःला ते आवडत नाही, पण ऐंशी वर्षांच्या आईला घेऊन गेलो तेव्हा मुकाट घेतला.

चिंचगूळ

तिरुपतीत रांग बसवलेली तरी असते. वैकुंठम क्यू कॉम्प्लेक्समध्ये माणसं हॉलमध्ये बसून राहतात, दूध आणि जेवण जागेवर येतं, हॉलमागून हॉल सोडतात. पण टोकन दिलं की रांग संपली असं नाही, ती टोकनच्या खिडकीवर जाऊन उभी राहते. 8 जानेवारी 2025 ला वैकुंठ एकादशीच्या टोकनसाठी झालेल्या चेंगराचेंगरीत सहा जण गेले. दर्शनाच्या रांगेत नव्हे.

बरं, टीपकडे येते. न्यू जर्सीत राहून बरीच वर्षं झाली. ओसरीवरून यांनी 2.13 सांगितलं ते खरं, पण सगळीकडे नाही. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, नेव्हाडा, मिनेसोटा, मोन्टाना, अलास्का या सात राज्यांत टीपच्या नावाखाली पगार कापता येत नाही, पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं. तुमच्या सिद्धांतानुसार तिथे टीप कमी व्हायला हवी. होत नाही! सॅन फ्रान्सिस्कोतही 20 टक्केच मागतात.

आणखी एक. टीप बंद करून पगार वाढवा असं म्हटलं की वेटर खूश होतील असं आपल्याला वाटतं. 2015 मध्ये न्यू यॉर्कच्या डॅनी मेयर यांनी आपल्या रेस्टॉरंटांत टीप बंद करून किमती वाढवल्या. 2020 मध्ये तो प्रयोग गुंडाळला. मॅसॅच्युसेट्समध्ये नोव्हेंबर 2024 ला टीपवाल्यांना पूर्ण किमान वेतन द्यायचा प्रस्ताव मतदानाला आला, लोकांनी तो मोठ्या फरकाने पाडला, आणि विरोध करणाऱ्यांत बरेच वेटर होते. शनिवारी रात्री चांगल्या जागी काम करणाऱ्याला टीपमध्ये जे मिळतं ते पगारात कुणी देणार नाही. दुपारच्या पाळीला रिकाम्या डायनरमध्ये उभी असलेली बाई वेगळं सांगेल.

"देसी टेबल" आलं की वेटर एकमेकांकडे ढकलतात, हे मी कॉलेजात असताना काम करताना डोळ्यांनी पाहिलंय. दहा जण येणार, बिल सात भागांत करायला लावणार आणि टीप आठ टक्के. त्यात एक गोष्ट आपल्या लोकांना माहीत नसते. बऱ्याच ठिकाणी वेटरला आपल्या विक्रीच्या ठरावीक टक्के बारवाल्याला आणि टेबल पुसणाऱ्या पोराला द्यावे लागतात. तुम्ही शून्य ठेवलंत तरी त्याला तेवढे द्यायचेच असतात. म्हणजे तुम्हाला वाढून तो खिशातून भरतो.

काउंटरवरून स्वतः उचललेल्या कॉफीला मात्र स्क्रीनवर 18, 20, 25 आलं की मी खुशाल शून्य दाबते. पलीकडची मुलगी स्क्रीन फिरवून छताकडे बघत असते, मीही बघते.

अर्धा कप

म्हणजे सिद्धांताचे दोन तुकडे झाले, रांगेचा पेन्शनरांनी केला, टीपचा चिंचगूळ यांनी. धागाकर्ते कुठे आहेत?

ओसरीवरून

आहे, आहे. सात राज्यांचा मुद्दा मान्य. रीत एकदा बसली की तिचं मूळ कारण गेलं तरी ती उठत नाही, एवढं जोडून घेतो. 1909 मध्ये वॉशिंग्टन राज्याने कायद्याने टीपवर बंदी घातली होती आणि चारच वर्षांत ती मागे घ्यावी लागली. बसलेली रीत कायद्यालाही दाद देत नाही.

तिरफळ

आयुष्य हॉटेललायनीत गेलं, आधी पणजीत, मग मुंबईत. थोडं आतलं सांगतो.

उडप्याकडे 340 चं बिल झालं आणि तुम्ही पाचशेची नोट दिली तर बशीत शंभर, पन्नास आणि दहा असे परत येतात, वर बडीशेप. शंभर आणि तीन वीस असेही आणता आले असते. पण मग गिऱ्हाईक वीस उचलू की ठेवू या विचारात सगळंच उचलतं. सुटा दहा दिसला की हात आपोआप तो सोडून बाकीचे घेतो. हे नव्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात.

यूपीआयने यावर पाणी फिरवलं. आता बशी येत नाही, क्यूआरचा स्टँड येतो. 340 म्हणजे 340. माणसं कंजूष झालेली नाहीत, फक्त सुटे परत येत नाहीत म्हणून मागे काही राहत नाही. गेल्या काही वर्षांत साध्या हॉटेलांतल्या पोरांची वरकमाई जितकी आटली तितकी मंदीतही आटली नव्हती.

मोठ्या हॉटेलांत टीप बहुधा एका डब्यात जाते आणि महिन्याने पॉइंटांप्रमाणे वाटतात. कॅप्टनला जास्त, वाढणाऱ्याला त्याखालोखाल, भांडी घासणाऱ्यालाही थोडे. सेवा शुल्काचं म्हणाल तर ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये नियम काढले की ते बिलात आपोआप लावायचं नाही. त्यांना स्थगिती मिळाली, आणि 28 मार्च 2025 ला दिल्ली उच्च न्यायालयाने नियम योग्य ठरवले. तेव्हा बिलात दिसलं तर काढायला सांगा. पण काढून घेतलंत तर त्यातलं निदान निम्मं पोराच्या हातात द्या, एवढीच विनंती.

बदलापूर लोकल

तिरफळ, त्या सुट्या दहाच्या नोटेला मी आयुष्यभर फसत आलेय.

आणि टीप आपल्या रक्तात नाही म्हणणाऱ्यांनी दिवाळीची पोस्त आठवा. वॉचमन, कचरा नेणारी मावशी, पेपरवाला, पोस्टमन. त्यात पोस्ट ऑफिसवाले सोडून सगळे वही घेऊन येतात, आणि वहीत आधीच्या मजल्यावरच्यांनी किती दिले ते लिहिलेलं असतं. अमेरिकेतली स्क्रीन आता आली, आमची वही कधीपासूनची आहे.

नागमोडी

ओसाकाहून. जपानात टीप नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण एक अपवाद आहे. पारंपरिक सराईत, म्हणजे र्योकानमध्ये, तुमची खोली आणि जेवण बघणाऱ्या बाईंना काही लोक पैसे देतात. नव्या कोऱ्या नोटा, छोट्या पाकिटात, आणि मुक्कामाच्या सुरुवातीला, त्या खोली दाखवायला येतात तेव्हा. उघडी नोट हातात ठेवणं वाईट दिसतं. सक्ती अजिबात नाही आणि तरुण लोक देतही नाहीत. पण सेवा होण्याआधीच दिलेल्या पैशांना टीप म्हणायचं का, यावर आमच्या ऑफिसात एकदा जेवणाची सुट्टी संपली.

रांगेबद्दल: तोक्योत सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहतात, ओसाकात उजवीकडे. शिनकानसेनमधून, म्हणजे बुलेट ट्रेनमधून, उतरलेली माणसं पहिले पाच मिनिटं गोंधळलेली असतात. सरकारला दोन्ही नको आहे, कारण एक बाजू चालणाऱ्यांसाठी मोकळी ठेवली की पडापडी होते. साइतामा प्रांताने 2021 मध्ये, नागोयाने 2023 मध्ये जिन्यावर थांबूनच राहायचा नियम केला. दंड नाही. साइतामातून गेले तेव्हा डावीकडे लांबलचक रांग आणि उजवी बाजू रिकामीच होती.

सांता कातालीना

स्टॉकहोमला बहिणीकडे जाते तेव्हा वेगळीच रांग बघते. औषधाच्या दुकानापासून सगळीकडे चिठ्ठीवरचा नंबर, ते नवीन नाही. पण भाड्याच्या घरांसाठीही शहराची रांग आहे. नाव नोंदवलं त्या दिवसापासून तुमचे दिवस मोजले जातात आणि ज्याचे जास्त त्याला घर. शहराच्या मधल्या भागात वीसेक वर्षं लागू शकतात, म्हणून मुलं अठराची झाली की नाव घालतात. भाची पाळण्यात असल्यापासून बहिणीने तारीख लिहून ठेवलीय.

पेन्शनर

आमच्याकडे एकेकाळी स्कूटर आणि फोनसाठी असंच नाव घालायचे. वडिलांनी नंबर लावला आणि फोन आला तेव्हा वाजवायला मी नोकरीवर बाहेरगावी.

अर्धा कप

एक कामाचा प्रश्न. पुढच्या आठवड्यात शिकागोला चाललोय, कॉन्फरन्स आहे. रेस्टॉरंटचं कळलं. हॉटेलच्या खोलीचं काय करायचं? शेवटच्या दिवशी एकदम ठेवू का?

चिंचगूळ

एकदम नको, रोज ठेवा. खोली झाडणारी बाई रोज तीच नसते, शेवटच्या दिवशी ठेवलेलं सगळं त्या दिवशीच्या बाईला जातं. रात्रीला तीन ते पाच डॉलर पुरे. नोट नुसती टेबलावर टाकली तर तुमची विसरलेली समजून ती हात लावणार नाही, म्हणून हॉटेलच्या कागदावर थँक यू लिहून त्यावर ठेवा. बॅग उचलणाऱ्याला बॅगेमागे एक-दोन डॉलर, टॅक्सीला पंधरा टक्क्यांच्या आसपास. आणि उतरल्या उतरल्या कॉफी घेऊन वीसची नोट मोडा, एकेकच्या नोटा मागून घ्या. नाहीतर बॅगवाल्याला दहाची द्यावी लागेल, आणि तो सुटे नाहीत म्हणेल.